विधवेची बादली, मूळ वसईची

इनास अंकलच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना चौदा स्लाइड भेट दिल्या. प्रोजेक्टर माझा होता, पडदा म्हणून लावलेली बेडशीट त्यांची होती. ही चूक होती.

चूक म्हटल्यावर लोक समजुतीच्या सुरात विचारतात, अगदी एवढी मोठी का? तर तेराव्या स्लाइडचा मथळा 'निष्कर्ष' असा होता. वाढदिवसाला. यावरून काय ते ओळखा.

पण आधी इनास अंकल.

आम्ही सिडनीत टूनगॅबीला घर घेतलं त्या दिवशी सामानाचा ट्रक अजून दारात उभा होता, तोच कुंपणापाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. खाली हाफ पँट, वर इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात केळ्यांची एक फणी. नाव नाही, गाव नाही. फणी माझ्यापुढे धरून म्हणाले, "मूळ कुठली?"

इथली केळी तिथूनच येतात, म्हणून मी म्हणालो, "क्वीन्सलंड?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी केळं सालासकट खाल्लं. "राजेळी आहे ही. वसईची. क्वीन्सलंड म्हणे!" मग फणी माझ्या हातात देऊन, "मी इनास लोपीस. दोन घरं सोडून. मूळ..."

"वसईचे," मी म्हणालो.

"हुशार आहेस," ते म्हणाले. माझ्याबद्दलचं हे मत त्यांनी त्यानंतर कधी बोलून दाखवलं नाही.

केळीचं रोप त्यांनी इथल्याच नर्सरीतून आणलं होतं हे मला नंतर कळलं. मी ते त्यांना बोलून दाखवलं. "रोप इथलं रे. केळं वसईचं," ते म्हणाले. आणि ते उन्हाळ्यात गॅरेजच्या पत्र्यावर त्या केळ्यांची सुकेळी वाळवत, तेव्हा अर्ध्या गल्लीतले कावळ्यासारखे ते इथले काळे-पांढरे पक्षीसुद्धा मूळ वसईचे असल्यासारखे वागत.

जगात जे जे चांगलं आहे ते मूळ वसईचं, हा इनास अंकलचा सिद्धांत. पाव वसईचा. भाजीवर पाणी शिंपडून ती ताजी दाखवायची कला वसईची. लॅमिंग्टन हा इथला राष्ट्रीय केक, खोबऱ्यात घोळवलेला. "केक तुमचा, मान्य," ते गोऱ्या शेजाऱ्यांना सांगत, "पण वरचं खोबरं? खोबरं कुणाकडे होतं? विचार ना!" हे 'विचार ना' त्यांचं पालुपद. आपण विचारायचं नसतंच, उत्तर येतच असतं. फक्त इथले लोक सकाळी पावाला जो काळा खारट लेप लावतात, त्यावर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही. "ते आम्ही नाही केलं," एवढं एकच श्रेय त्यांनी परक्यांना दिलं होतं.

आता मी हसतोय, पण आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी शून्यापासून विमानापर्यंत सगळ्याचा सातबारा आमच्या नावावर चढवला जातो, आणि मी त्यावर अंगठ्याची इमोजी टाकून ऑफिसला जातो. इनास अंकल निदान एका तालुक्यापुरतं मागत होते.

व्यवसायाने ते लिफ्ट मेकॅनिक. पस्तीस वर्षं सिडनीच्या लिफ्ट त्यांनी वरखाली नेल्या. गॅरेजात सहा प्रकारची तेलं, लेबल लावून, उंचीप्रमाणे उभी. आणि अशा माणसाच्या परसातला कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा खांब वारा आला की किंचाळायचा. कुर्रर्र, टक. कुर्रर्र, टक. मला वाटलं, म्हातारा माणूस, हात पोचत नसेल. एके दिवशी ते बाहेर गेलेले पाहून मी त्यांच्या कुंपणावरून उडी मारली आणि त्यांच्याच तेलाने खांब गुपचूप वंगण घालून लोण्यासारखा करून ठेवला. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "गप्प केलंस रे त्याला."

मी म्हणालो, "मेन्शन नॉट, अंकल."

तर असा मी. मूळ पुण्याचा. समोरचा चुकतोय हे कळलं की मला पित्त होतं. त्यातून माझं काम असं, की एका विमा कंपनीच्या जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की मूळ कुठली आणि नक्कल कुठली हे ठरवायचं, आणि नक्कल उडवायची. अशा माणसाला इनास अंकलच्या शेजारी घर मिळू देणं हा नगररचनेतला दोष आहे.

इनास अंकल व्हायोलिन वाजवत. लहानपणी चर्चमधल्या मास्तरांकडे शिकले, मग लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं, मग लिफ्टने ते सगळं बंद पाडलं. बायको, तेरेजा आंटी, गेल्यावर व्हायोलिनची पेटी पुन्हा उघडली. मुलगा पार पश्चिमेला, कालगुर्लीला, खाणीत इंजिनिअर. तिथून विमानं जितकी कमी सुटतात, त्याहूनही कमी वेळा तो फोन करी. दर रविवारच्या आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, अंकल पेटी घेऊन पॅरामॅटाच्या बाजूच्या एका पबात जात. तिथे आयरिश मंडळी गोल करून बसतात आणि आपल्या जुन्या चाली वाजवतात. नोटेशन नाही, माइक नाही, पुढारी नाही. आयरिश माणसं पुढाऱ्याशिवाय एकत्र काहीतरी करू शकतात हे पाहून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या तिन्ही माजी अध्यक्षांना मी तिथे नेणार होतो.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. तिथला एक रिवाज अंकलनी मला दारातच समजावला. एक चाल तीन वेळा फिरवायची, की न थांबता पुढच्या चालीत शिरायचं. वाजवून झालेली चाल त्या दिवशी पुन्हा नाही. "कुणी सांगितलं तरी नाही वाजवत," अंकल म्हणाले. "माज रे."

गोलात सात-आठ जण. त्यांतला ब्रेंडन म्हणजे निवृत्त प्लंबर, व्हायोलिन हनुवटीखाली न धरता छातीवर धरणारा. शेजारी लाकडी बासरी वाजवणाऱ्या एक बाई. तासभर चाली आल्या आणि गेल्या. मला सगळ्या सारख्या वाटल्या, पण मी मान अशी हलवत होतो की जणू फरक कळतोय. मग एक आली. इनास अंकल सरसावून बसले. डोळे मिटले. तीन वेळा फिरली, आणि बाकीचे पुढच्या चालीत शिरणार इतक्यात अंकलनी गज मांडीवर आपटला.

"ही वसईची."

बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं, मी आपल्यासाठी मराठीत देतो. ब्रेंडनने ग्लास खाली ठेवला. तिथे सगळे अंकलना त्यांच्या कागदोपत्री नावाने हाक मारत. "इग्नेशियस, ही माझ्या आजोबांच्या गावची आहे."

"नाव काय चालीचं?"

"विधवेची बादली."

"बादली कशाला लागते? विहिरीला. विहीर कुठे? वसईला. विचार ना!"

"आमच्याकडे काय विहिरी नाहीत?"

"तुमच्याकडे इतका पाऊस की अंगणात उभं राहिलं तरी बादली भरते. विहीर कशाला खणाल?"

"बादली दुधाची असेल," कुणीतरी म्हणालं.

"विधवेकडे गाय कुठून आली?"

"काळ्या बिअरची असेल," बासरीवाल्या बाई म्हणाल्या. "नवरा गेल्यावर दुसरं काय उरतं बाईला!"

मग अंकलनी आपला सिद्धांत मांडला. तो त्यांनी पबात यायला लागल्यापासूनच्या सहा वर्षांत किमान तीनशे वेळा मांडला असावा, कारण ब्रेंडनचे ओठ बरोबरीने हलत होते. एक आयरिश पाद्री वसईत येतो. त्याला ताप येतो. खिडकीतून रहाटावरचं गाणं ऐकतो. ताप उतरतो. पाद्री चाल घेऊन घरी जातो.

"पुरावा?" ब्रेंडनने विचारलं.

"ताप उतरला ना? मग!"

"अशी वाजवतच नाहीत ती," ब्रेंडन चिडून म्हणाला. "आमच्या गावात कशी वाजवतात ते ऐक." आणि सगळ्यांनी ती पुन्हा तीन वेळा फिरवली. मग अंकल म्हणाले, इतका जोरात रहाट फिरवला तर बैल मरेल. आणि त्यांनी हळू वाजवून दाखवली. मग ब्रेंडन म्हणाला, ही तर प्रेतयात्रा झाली. आणि पुन्हा.

याच वेळी मला जाणवलं की चाल सहा मात्रांची आहे. "अरे, हा तर आपला दादरा!" मी ओरडलो. आयुष्यात तीन महिने मी तबल्याच्या क्लासला गेलेलो आहे. मी टाळी धरली. दोन फेऱ्या होण्याच्या आत बासरीवाल्या बाईंनी आपला हात माझ्या दोन्ही हातांवर ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "हे मी तुझ्यासाठी सांभाळते हं, लव्ह." चाल संपेपर्यंत त्यांनी बासरी वाजवली नाही. माझे हात धरून बसल्या.

घरी येताना मला पित्त झालं होतं. टाळीमुळे नाही, त्या पाद्र्यामुळे. एक सत्तरीचा माणूस दर रविवारी आठ परक्यांसमोर तापातल्या पाद्र्याची गोष्ट सांगतो आणि लोक ऐकून घेतात! कुणीतरी शोधायला नको का? इनास अंकलना मूळ आवडतं. मला वाटलं, ज्याला मूळ आवडतं त्याला खरं मूळ दिलं तर किती आवडेल.

तीन आठवडे लागले. एका परदेशी ग्रंथालयाने जुन्या वह्या स्कॅन करून ठेवल्या होत्या. त्यांत कुण्या शाळामास्तराने हाताने लिहून काढलेल्या चाली. एकीला नाव 'फुटकी बादली'. मला स्वरलिपी वाचता येत नाही. आमची ईरा कॅसल हिलला व्हायोलिनच्या क्लासला जाते. तिच्यापुढे प्रिंट ठेवला. तिने वाजवलं. तीच चाल!

"सेम ट्यून. सो?" ईरा म्हणाली.

"सो काय? अंकलच्या आईच्या जन्माच्याही कितीतरी आधीची वही आहे ही! पुरावा सापडला!"

"बाबा, इज दिस अ प्रेझेंट ऑर अ कोर्ट केस?"

मेधा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाढदिवसाला लोक शर्ट देतात."

पण मी आता थांबणार नव्हतो. चाल वसईला पोचली कशी, एवढाच दुवा राहिला होता. आणि तो अंकलनीच मला कधीतरी मटणाच्या रेसिपीच्या ओघात दिला होता. त्यांची आई लग्नाआधी मुंबईत आयरिश सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात स्वयंपाकघरात कामाला होती. झालं! मी कालगुर्लीला फोन करून मुलाकडून आजीचा फोटो मागवला. एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती तिसऱ्या रांगेत, पुढच्या बाईच्या खांद्यामागून अर्धी दिसत होती. मी तिच्याभोवती लाल वर्तुळ काढलं.

वाढदिवसाला गॅरेजचं शटर खाली ओढलं. आत वीसेक माणसं. ब्रेंडन आणि बासरीवाल्या बाईसुद्धा आल्या होत्या, मुलगा दोन विमानं बदलून आला होता. तेलाच्या बाटल्यांसमोर बेडशीट लावली. पहिल्या स्लाइडला टाळ्या पडल्या, कारण तिच्यावर केळं होतं. पाचवीवर वही. सातवीवर वहीतली आणि पबातली अशा दोन्ही चाली शेजारी शेजारी, सारख्या जागा पिवळ्या केलेल्या. नवव्या स्लाइडवर माझी खास करामत होती. आयर्लंडमधून एक बाण उडे, समुद्र ओलांडून मुंबईच्या कॉन्व्हेंटात उतरे, तिथून वसईला जाई आणि लाल वर्तुळातल्या आईच्या डोक्यावर 'टिंग' असा आवाज करून थांबे. तेराव्या स्लाइडवर दोनच ओळी. 'मूळ नोंद: आयर्लंड. दुसरी नोंद: वसई.' चौदावीवर 'धन्यवाद. प्रश्न?'

प्रश्न कुणी विचारला नाही.

इनास अंकल उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मेहनत घेतलीस." मग केक कापला. मुलाने मुद्दाम मोठा लॅमिंग्टन करून आणला होता, वर बोटभर खोबरं. अंकलनी तो कापला, वाटला, खाल्ला. खोबऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी मेधाला हळूच म्हणालो, "पटलं वाटतं त्यांना."

मेधाने माझ्या डिशमधला केक काढून घेतला.

चार रविवार गेले. चौथ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दारात ब्रेंडन उभा. "तूच ना तो स्लाइडवाला?"

मी विनयाने हो म्हणालो. मला वाटलं, प्रत मागायला आलाय.

"पार्टीनंतरच्या रविवारी इग्नेशियस आला," तो म्हणाला. "आम्ही बादली वाजवली. वाजवून झाल्यावर त्याने गज मांडीवर ठेवला. आम्ही सगळे थांबलो. तो काही बोललाच नाही. मीही काही बोललो नाही. काय बोलणार, स्लाइड बघून आलो होतो ना सगळे! मग कुणीतरी पुढची चाल धरली. त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि गेला. त्यानंतर फिरकला नाही."

"पण निकाल तर तुमच्या बाजूने लागला!" मी म्हणालो.

"आम्ही मागितला होता?"

"तुमच्या आजोबांच्या गावची चाल..."

"आजोबा डब्लिनचे होते. ट्रामवर कंडक्टर. गाव मी त्यांना दिलं." ब्रेंडनने जाता जाता आमच्या बाहेरच्या नळाकडे पाहिलं, तो गळत होता. "हाही तूच दुरुस्त केलास का?"

मी दुरुस्त केला होता.

संध्याकाळी अंकलकडे गेलो. ते परसात शिडीवर चढून केळीच्या घडाला निळी पिशवी बांधत होते. मी येताना माफीची वाक्यं पाठ केली होती, पण तोंड उघडल्यावर सवयीने निघालं, "अंकल, डेटा अपुरा असण्याची शक्यता आहे."

"शिडी धर," ते म्हणाले.

मी शिडी धरली. ते वरूनच बोलले, घडाकडे बघत.

"आय सिस्टरांच्या स्वयंपाकघरात होती हे तुला कुणी सांगितलं? मीच ना? मग मला काय माहीत नव्हतं होय? सिस्टर गायची, आय भांडी घासायची. पुढे वाडीत रहाटावर बैल हाकताना आय तेच म्हणायची. रहाट मागे कुर्रर्र, टक, कुर्रर्र, टक. मी लहान, विचारलं, आय, हे कुणाचं गाणं? तर म्हणाली, माझं, मीच केलं. आता आयला मूळ विचारायचं असतं काय?"

माझं लक्ष त्यांच्यामागच्या खांबाकडे गेलं. वारा होता. कपडे गोल फिरत होते. आवाज नव्हता.

"आय गेली तेव्हा मी इथे एका लिफ्टमध्ये अडकलेल्या चौघांना बाहेर काढत होतो," ते म्हणाले. "तिचा आवाज टेप केलेला नाही कुठे. फोटो एक, तो तू बघितलासच. वर्तुळ पण काढलंस. तेरेजा गेल्यावर रविवार कुठे घालवायचा म्हणून चालत सुटायचो. त्या पबावरून चाललो होतो, तर आत आय."

"काय?"

"चाल रे. दहा मिनिटं बाहेर उभा. आत गेलो तोवर दुसरी सुरू. म्हटलं, मघाची पुन्हा वाजवा. नाही म्हणाले. पद्धत नाही म्हणाले. मग मी म्हणालो, ती आमची आहे, चोरलीत तुम्ही. लगेच वाजवली! वाद घातला की वाजवतात. मग दर रविवारी घातला. एकदा तर पाचदा वाजवून घेतली. पाद्री आणला, त्याला ताप आणला. आणि तू आलास आणि मिटवलास." त्यांनी पिशवीची गाठ आवळली. "शहाणा."

शिडीवरून उतरून ते आत गेले. मी आणखी थोडा वेळ रिकामी शिडी धरून उभा होतो.

घरी येऊन मेधाला सांगितलं. तिने माझ्यासाठी केलेला चहा सिंकमध्ये ओतला. माझ्या बाबतीत तिला याहून कडक शिक्षा सुचत नाही. ईरा व्हायोलिनच्या स्टँडपाशी होती. "त्या वहीत नसतं लिहिलं तर बरं झालं असतं," मी म्हणालो.

"बाबा, डिड यू इव्हन रीड द होल पेज?"

स्टँडवर तो पहिला, अख्खा प्रिंट अजून होता. पानाच्या कोपऱ्यात तिरक्या, बारीक अक्षरात शाळामास्तराने एक ओळ लिहिली होती. चाल कुणाकडून मिळाली त्याची. 'समुद्रावरून परतलेल्या माणसाकडून.' एवढीच. कुठला समुद्र, कुठला माणूस, काही नाही.

"यू क्रॉप्ड इट," ईरा म्हणाली.

कापली होती. स्लाइडवर मावत नव्हती. ज्या माणसाला मूळ शोधण्याचा पगार मिळतो, त्याने मुळाची एकमेव ओळ कापली होती, कारण तिच्यामुळे पिवळा रंग नीट बसत नव्हता.

"मी एक पंधरावी स्लाइड..."

"नो!" मायलेकी एकदम ओरडल्या.

रविवारी ब्रेंडनने अंकलना त्यांच्या दारातून व्हॅनमध्ये घालून आणलं. प्लंबर बोलावल्यावर येत नाहीत, पण नको म्हटल्यावर येतात. अंकल पेटी न उघडता कोपऱ्यात बसले, इस्त्रीच्या शर्टात. बादली वाजली, तीन वेळा फिरली. कुणी कुणाकडे बघेना. बासरीवाल्या बाई पुढच्या चालीसाठी श्वास घेत होत्या, तेवढ्यात मी उभा राहिलो.

"माझ्या निष्कर्षात चूक आहे," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो, त्यामुळे आवाज चिरकला. "मी एक ओळ कापली होती." आणि घडी घातलेला प्रिंट उघडून ती वाचली.

मग कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"समुद्र?" इनास अंकल म्हणाले. "कुठला समुद्र? विचार ना! वसईला समुद्र आहे!"

"आयर्लंडला चारी बाजूंनी समुद्र आहे, इग्नेशियस!" बासरीवाल्या बाई कडाडल्या.

"पण परतलेला म्हणतोय तो! परतला म्हणजे गेला होता! गेला कुठे? आणि हात हलवत परतला काय?"

"मासे आणले असतील!"

"मासे विकून चाल घेतली असेल, वसईच्या बाजारात! पाद्री नसेल, खलाशी असेल! ताप दोघांनाही येतो!"

ब्रेंडनचा चेहरा लाल झाला होता. राग होता की काय होतं मला कळलं नाही, पण व्हायोलिन त्याने छातीवर केव्हाच घेतलं होतं. "खलाशी ही चाल अशी वाजवतच नाही! ऐक, कशी वाजवतो ते!"

आणि सुरू झाली. पहिल्या फेरीत अंकल पेटीचे खटके उघडत होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी गजाला राळ लावली. तिसऱ्या फेरीत ते आत शिरले, आणि चाल संपल्यावर बैलाची बाजू घेऊन भांडले, आणि ती पुन्हा सुरू झाली, त्यांच्या गतीने, हळू. त्यांनी डोळे मिटले होते. कुर्रर्र, टक, मी मनात म्हणत होतो. खांब पुन्हा गंजायला किती महिने लागतील, पाणी मारलं तर लवकर गंजेल का, असा सगळा हिशोब माझ्या डोक्यात चालला होता, आणि आनंदाच्या भरात मी टाळी धरली.

गज थांबला. सगळेच थांबले. इनास अंकलनी डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि ब्रेंडनकडे वळून, सबंध पबाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आम्ही नाही केलं हं. हे मूळ पुण्याचं."